न पडलेली पाकळी

त्या वर्षी तेरडा नको इतका फुलला. मांडवीत आमच्या घरामागची चढण चढून गेलं की कातळाचा सडा लागायचा. उन्हाळ्यात तिथे पाय ठेवायची सोय नसे, आणि श्रावणात जिथे मूठभर माती सापडेल तिथे तेरडा उगवे, हे काही नवं नव्हतं. पण त्या साली तो गुरांच्या वाटेवर आला, गडग्याच्या दगडांतून आला, आमच्या विहिरीच्या काठावर आला, आणि एक रोप तर न्हाणीच्या मोरीतून वर आलं. आम्हा पोरींना आनंदच झाला. आत्याने मात्र मोरीतलं रोप मुळासकट उपटून लांब फेकलं आणि म्हणाली, "रान येवढं हसतंय ते बरं न्हवं."

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. ऐन तारुण्यात नवरा गेला आणि ती कायमची माहेरी आली. कपाळ मोकळं, हात मोकळे, आणि जीभ मात्र मिरचीसारखी. तिला प्रत्येक गोष्टीत काहीतरी दिसायचं. पाल चुकचुकली, कुत्रं दक्षिणेकडे तोंड करून रडलं, दूध नासलं, सगळ्याला अर्थ. त्यातलं बहुतेक सगळं खोटं ठरे, आणि खोटं ठरलं की ती ते साफ विसरून जाई. खरं ठरलेलं एखादं मात्र जन्मभर ऐकवी. मी आता तिच्या त्या वेळच्या वयापेक्षा कितीतरी मोठी आहे, आणि माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. पण माझ्या अंगणात मी तेरडा लावत नाही, एवढं खरं.

बाबा तांडेल होते, गलबताचे म्होरके. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहिला की त्यांचं गलबत निघे ते मलबाराकडे. तिथून लाकूड आणि काथ्या भरून मुंबईला जायचं, आणि मधे कधीतरी भगवती बंदरात थांबून घरी यायचं, असा त्यांचा क्रम. घरात ते असले की आवाज असे. दारातून शिरतानाच "तारे, पाणी आण गो" अशी मला हाळी, मग जेवताना मोठमोठे भुरके, मग ओटीवर पसरून घोरणं. ते गेले की घर एकदम हलकं होई आणि समुद्राची गाज स्वयंपाकघरापर्यंत येई. एरवीही ती येतच असणार, पण ऐकू येई ती तेव्हाच. आई त्या दिवसांत दोन्ही वेळा साधंच करी, सकाळी पेज आणि भाजलेला सुका बांगडा, रात्री भात आणि कुळथाची पिठी. गोडधोड करायचं ते बाबा आल्यावर. त्या वर्षी निघताना ते आईला म्हणाले होते, "दिवाळीच्या पोह्यांना येतो." आईने मान हलवली. दारात उभं राहून "जातो" म्हणायचं नाही आणि गेलेल्याला पाठीमागून हाक मारायची नाही, हे दोन्ही नियम पाळले गेले होते. आत्याने ते पुढे किती वेळा बोलून दाखवलं.

त्याच सुमाराला आमच्या मुलींच्या शाळेत साठेबाई आल्या. त्या पुण्याकडच्या, वयाने लहान, नेसणं साधं पांढरं, हातात बांगडी नाही. बांगडी का नाही ते आम्हाला कुणी सांगावं लागलं नाही. मास्तरीण होऊन एकटी एवढ्या लांब आली म्हणजे हिचं माहेरीसुद्धा कुणी नसणार, असं आत्याने ठरवून टाकलं. बाईंचं बोलणं स्वच्छ आणि कोरडं होतं, आमच्यासारखा हेल काढून त्या बोलत नसत. आणि त्यांना फुलांचं वेड होतं. आधीच्या बाई चित्रकलेच्या तासाला फळ्यावर आंबा काढून देत आणि डुलक्या काढत. साठेबाई म्हणाल्या, "शनिवारी प्रत्येकीने आपापल्या अंगणातली फुलं आणायची. फुलांनीच फूल काढायचं."

कागद-रंग कुठून आणणार? म्हणून पाटी. पाटीवर पेन्सिलीने कमळ, सूर्यफूल, मोगरा असं काहीतरी काढायचं, पाटी ओली करायची आणि त्या रेघांच्या आत पाकळ्या चिकटवत जायच्या. तेरड्याच्या गुलाबी, झेंडूच्या पिवळ्या, जास्वंदीची एकच पाकळी चिमटून तिचे चार तुकडे, आणि मधोमध प्राजक्ताचे देठ. काळ्या पाटीवर ते इतकं उठून दिसे की आमचा आमच्यावरच विश्वास बसत नसे. मग सगळ्या पाट्या ओटीवर भिंतीशी ओळीने उभ्या करायच्या आणि बाईंनी त्या बघत जायचं. पाणी सुकू लागलं की एकेक पाकळी गळे. त्याला इलाज नव्हता. बाईंना त्याचं वाईट वाटे.

भागीला वाटलं नाही. भागी म्हणजे देवळातल्या गुरवाची मुलगी, माझ्याच बाकावरची. कौल कसा लावतात ते तिने बापाच्या मांडीवर बसून पाहिलं होतं. गावात कुणाचं काही अडलं, दुखणं हटेना, सोयरीक जमेना, की देवाला विचारायचं. गुरव देवाच्या पाषाणाला ओल्या पाकळ्या लावतो, गाऱ्हाणं घालतो, आणि मग सगळ्यांनी श्वास रोखून बघत बसायचं. उजवी पाकळी आधी पडली की होकार, डावी पडली की नकार. आणि उजवी म्हणजे देवाची उजवी, आपली नव्हे. भागीने एका शनिवारी माझ्या पाटीतली पाकळी गळताना पाहिली आणि तिचे डोळे लकाकले. पाटीवर एकच पाकळी धरायची, ती ज्या बाजूला पडेल तो कौल. ती पाटीपुढे उकिडवी बसली, हात जोडले, आणि हुबेहूब बापाच्या आवाजात म्हणाली, "बा म्हाराजा, शांतीची शेळी काल धरनं गावत न्हाय, ती गावंल काय?" आम्ही चारपाच जणींनी "व्हय म्हाराजा" केलं. पाकळी उजवीकडे पडली. संध्याकाळी शेळी सापडली.

मग काय, शनिवारची आम्ही वाटच बघू लागलो. बाईंना वाटे मुली चित्रांसाठी वेड्या झाल्यात. मधल्या सुट्टीत त्या आत बसून आपला डबा खात, आणि बाहेर ओटीवर आमचं देवस्थान चाले. उद्या सुट्टी मिळेल काय? डावा. काकी मुंबईहून फ्रॉक पाठवील काय? उजवा. हसणं-खिदळणं, चिमटे, "ही बघ हिने फुंकर मारलीन" म्हणून भांडणं. यमूने विचारलं तोपर्यंत हे सगळं असंच होतं. तिचा तान्हा भाऊ तापाने फणफणला होता. तिने विचारलं, आम्ही "व्हय म्हाराजा" म्हटलं, आणि पाकळी डावीकडे अशी पडली की कुणीतरी बोटाने सारल्यासारखी. पुढच्या शनिवारी यमूची जागा रिकामी होती, आणि का ते सगळ्यांना माहीत होतं. त्या दिवशी पाट्या भिंतीशी लावल्या तेव्हा आम्ही त्यांच्याकडे बघायचंच टाळलं. मागे टप टप पाकळ्या पडत होत्या. पाकळीचा आवाज कुठून येणार म्हणा! पण मला तो आल्यासारखा वाटला, आणि आजही पावसानंतर पागोळ्या मंदावल्या की मला ती ओटी आठवते.

दसरा उलटला आणि वादळ झालं. आमच्या माडाचा शेंडा मोडून शेजारच्या गोठ्यावर पडला. समुद्र वाळू ओलांडून वर आला आणि जाताना कुणाच्या जाळ्या, कुणाची होडी घेऊन गेला. वारा थांबल्यावर एकेक गलबत बंदरात येऊ लागलं, शिडं फाटलेली, माणसं घोगऱ्या आवाजाची. आई रोज बंदरावर जाई आणि लोकांच्या मागे उभी राही. पुढे होऊन विचारायचं काम आत्या करी. नाटे गावच्या एका तांडेलाने सांगितलं की वादळाच्या सकाळी बाबांचं शीड त्याने लांबून पाहिलं होतं, आणि दुपारनंतर नाही. एवढंच. त्याने आत्याकडे बघून सांगितलं आणि आईकडे बघायचं टाळलं.

घरी आई भात शिजवी, आम्ही जेवू, आत्या जमिनीतल्या वायनात मुसळ घालून दिवाळीच्या पोह्यांसाठी भात कांडत बसे. तो धप् धप् आवाज दिवसभर चाले आणि थांबला की त्याहून वाईट वाटे. असे दिवस गेल्यावर एका संध्याकाळी दिवा लावून झाला तेव्हा आत्या म्हणाली, "पार्वती, सोमवारी देवाला कौल लावूया."

आई म्हणाली, "नको, वन्सं."

"नको म्हंजे? किती दिस असं बसायचं? काय ते येकदा कळूदे."

"कळलं तर तुम्ही काय करणार ते मला ठाऊक हाय."

मलाही ते ठाऊक होतं. आमच्या आळीतल्या एका खलाशाच्या बायकोचा कौल डावा आला होता. देवळातून घरी येईपर्यंत बायका तिच्या दारात जमल्या होत्या. तिच्या बांगड्या दगडावर फोडल्या तेव्हा एक काच उडून माझ्या पायाशी आली होती, हिरवी. नवरा बुडालेला कुणी पाहिला नव्हता. पण देव बोलला म्हणजे संपलं. आत्या वाईट नव्हती. तिला भाऊ हवा होता, आणि नसेल तर त्याचं सुतक पाळायचं होतं. मधेच लटकत राहणं तिला सोसत नव्हतं. आईला मात्र, निदान गावाच्या लेखी, ते लटकणंच हवं होतं.

दुसऱ्या दिवशी शनिवार. सकाळी विहिरीवर आईने कळशी भरली आणि उचललीच नाही. मला म्हणाली, "शाळेत तुमी फुलं लावून इच्यारता ना गो?" मी घाबरले. मला वाटलं आता मार. पण तिचा आवाज कसनुसा होता. "आज तुझ्या पाटीवर इच्यार. तुझ्या बापसाचं. कुणाला बोलू नको, मला येकटीला येऊन सांग. देवळात सगळा गाव असतो. मला एकटीला काय ते कळूदे." मग तिने कळशी उचलली आणि पाणी हिंदकळून तिचं लुगडं भिजलं. मी बरीच मोठी झाल्यावर मला कळलं की उत्तर डावं आलं असतं तर ती ते कुणालाही सांगणार नव्हती. कुंकू लावून, बांगड्या वाजवत, एकटीच ते घेऊन जगली असती.

शाळेत गेले तर पाट्या नव्हत्याच. दिवाळीच्या सुट्टीआधी मोठे साहेब तपासणीला यायचे होते आणि बाईंना चित्रं टिकायला हवी होती. त्यांनी चहाच्या खोक्यांच्या पातळ फळ्या आणून त्यांवर पांढरा कागद चढवला होता, आणि स्टोव्हवर तांदळाच्या पिठाची खळ शिजवून ठेवली होती. "आता एकही पाकळी गळणार नाही," म्हणाल्या, आणि किती दिवसांनी हसल्या. मी कमळ केलं. ते चांगलं झालं. बाईंनी ते सगळ्यांना दाखवलं. कमळाच्या वर, रिकाम्या कागदावर मी गर्द गुलाबी तेरड्याची एक पाकळी वेगळी लावली. बाईंनी विचारलं, "ही कशाला?" मी म्हटलं, "उडालेली आहे."

मधल्या सुट्टीत भागीला बाजूला घेऊन आईचं सांगितलं, तिच्याशिवाय गाऱ्हाणं कोण घालणार? ती म्हणाली, "खळीनं चिकटवलेली कशी पडंल गो?" मग स्वतःच विचार करून म्हणाली, "देवाला पाडायची असंल तर खळ काय करील?" आम्ही फळी भिंतीशी उभी केली. भागीने गाऱ्हाणं घातलं. या वेळी बापाची नक्कल नव्हती, हळू आवाजात, अडखळत. "बा म्हाराजा, तारीचा बापूस येल काय?" आणि आम्ही दोघी बसून राहिलो. ऊन पायरीवरून खाली उतरलं. बाकीच्या पोरी लंगडी खेळत होत्या. माझ्या कपाळावरून घाम डोळ्यांत येत होता आणि मी तो पुसत नव्हते, न जाणो, हात हलला आणि वारा लागला तर.

"काय चाललंय?" मागे बाई उभ्या होत्या. भागीने सगळं भडाभडा सांगून टाकलं. शेळी, यमू, माझ्या आईचं, सगळं. बाईंचा चेहरा पांढरा पडत गेला. मला वाटलं आता त्या ओरडतील, असल्या गोष्टींची त्यांना चीड होती. पण त्यांनी मलाच विचारलं, "उजवीकडे पडली तर?"

"बाबा येणार."

"आणि डावीकडे?"

मी त्यांच्या हातांकडे बघितलं. मुद्दाम नाही, नजर गेली. बाईंनी हात पदराखाली घेतले. मग त्या आत गेल्या, खळीची वाटी घेऊन आल्या, माझ्या शेजारी ओटीवर मांडी घालून बसल्या, आणि बोट बुडवून त्या एका पाकळीवरून खळीचा पातळ हात फिरवला, कडेकडेने, अगदी सावकाश. अंगठ्याने ती दाबून धरली. पुढच्या तासाची घंटा झाली तरी अंगठा तिथेच होता. "आईला सांग, पडली नाही," म्हणाल्या. "यात खोटं काही नाही."

आईला मी न्हाणीच्या दाराशी सांगितलं. "पडलीच न्हाय." ती खाली बसली, आणि तिच्या तोंडावर जे आलं त्याला आनंद म्हणता येणार नाही, पण वादळानंतर पहिल्यांदाच तिने पोटभर श्वास घेतला. सोमवारी आत्या नारळ घेऊन देवळाकडे निघाली तेव्हा आई दारात आडवी आली आणि म्हणाली, "वन्सं, कौल लागलाय. अजून पडला न्हाय. येक लागलेला असताना दुसरा लावतात काय?"

आत्या संतापली. पोरींचा खेळ तो, म्हणाली. दोघी तशाच देवळात गेल्या, मी मागे. गुरवाने सगळं ऐकून घेतलं. भागीने त्याला आधीच सांगितलं असणार. देवाला हात जोडून तो आत्याला म्हणाला, "आत्यानू, गाऱ्हाणं माज्या पोरीनं घातलंय. गुरवाची हाय ती. पयल्याचा निकाल लागल्याबिगर दुसरा लावता येत न्हाय." आत्याने नारळ पदरात घातला. परत येताना ती एवढंच म्हणाली, "मंग बघूया किती दिस धरतंय."

सगळी आळी बघू लागली. साहेब आले, माझ्या कमळाला शाबासकी देऊन गेले, आणि फळ्या वर्गाच्या भिंतीवर टांगल्या गेल्या. बाजाराला जाणाऱ्या बायका खिडकीशी थांबत, डोळ्यांवर हात धरून आत बघत, आणि पुढे जात. नरकचतुर्दशीला आम्ही पहाटे न्हाऊन अंगणात कारीट फोडलं आणि त्याचं कडू बी जिभेला लावलं. आईने पोह्यांना बसताना बाबांचा पाट मांडला, भोवती रांगोळी काढली. आत्याने जेवणाऱ्याशिवाय पाट मांडू नये म्हटलं नाही. तिने त्या पाटापुढे स्वतः पोह्यांची वाटी ठेवली, जिवंताला वाढतात तशी की गेलेल्यापुढे ठेवतात तशी ते मला कळेना, आणि मी तिला त्यानंतर कितीतरी दिवस घाबरले.

कमळ सुकलं, तपकिरी झालं, चुरगळून गळून गेलं. भिंतीवरच्या बाकीच्या फळ्या कोऱ्या झाल्या. ती एक पाकळी राहिली, काळपट, कांद्याच्या सालीसारखी. मी सकाळी वर्गात शिरले की आधी तिच्याकडे बघे. एकदोनदा खळीचा ताजा वास आला. बाई पाठमोऱ्या फळा पुसत होत्या.

चैत्रात त्यांची बदली झाली. जायच्या दिवशी त्यांनी मला थांबवून घेतलं. फळी त्यांनी आपल्या जुन्या पातळाच्या तुकड्यात गुंडाळली होती. माझ्या दोन्ही हातांवर ती ठेवत म्हणाल्या, "उभी करू नकोस. कायम आडवी ठेव." मी शाळेपासून घरापर्यंत ती तशीच आणली, काठोकाठ भरलेलं ताट आणावं तशी, आणि वाटेत लोक मला वाट देत होते. आईने ती माळ्यावर ठेवली. तिच्याखाली कापूर ठेवला, कसर लागू नये म्हणून.

आत्याला मी एकदा माळ्यावर पाहिलं. भर दुपार होती, आई समुद्रावर गेली होती. शिडी लावलेली, आणि वर आत्या गुडघ्यांवर बसलेली, फळी दोन्ही हातांत धरून. पातळाचा तुकडा सोडलेला होता. तिने ती नुसती उचलून उभी धरली असती तरी पुरे होतं, मग आमच्या घरात जे व्हायचं ते झालं असतं. मी खाली शिडीशी उभी. मला फळीची कड हलताना दिसत होती. "अरे माझ्या बाबग्या," ती म्हणाली. ते बाबांचं लहानपणचं नाव. मग तिने फळी होती तशीच, जराही न कलंडू देता खाली ठेवली आणि पातळाचं टोक नीट खोचलं. उतरल्यावर मला बघून म्हणाली, "उंदीर फार झालेत वर."

बाबा आले नाहीत. पुढे बारा वर्षं झाली तेव्हा लोकांनी दर्भाचा पुतळा करून क्रिया उरकून घ्यायचं सुचवलं, तर त्यांना हाकलून द्यायला आत्याच दारात उभी राहिली. आई हिरव्या बांगड्यांसकट गेली. ती फळी माझ्याबरोबर तीन घरं फिरली. सुना विचारतात यात काय आहे, उघडून बघू का. मी म्हणते, बघा हवं तर, पण उचलू नका.